शब्द बदलण्याआधी बेस कुठे वाजतोय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गॉथिक रॉक (थोडक्यात गॉथ: अंधाराचं, मरणाचं, शोकाचं रॉक) वाजवणारा सहा वर्षं जुना बँड, दोन अल्बम झालेले. गायिकेचे वडील मागच्या वर्षी गेले, तेव्हापासून तिला थडगी, कावळे, मेणबत्त्या यांवर लिहावंसं वाटत नाही. ती दवाखान्यातल्या खुर्चीबद्दल लिहिते. गिटारवाला म्हणतो, मग हे गॉथ राहिलं कुठे? त्यातच कीबोर्ड घेतलाय आणि नवी गाणी त्यावर बसतायत. मोठ्या बँडांचं असं झालं तेव्हा आधी काय बदललं, संगीत की शब्द? आणि आपण जपायचं काय?

मी वीस-बावीस वर्षं या प्रकारच्या संगीतात बेस (खालच्या सुरांची, जाड तारांची गिटार) वाजवतोय आणि त्यातली निम्मी वर्षं दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करण्यात, मिक्स करण्यात, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्यात गेली. त्यामुळे हे उत्तर बेसवाल्याचं आहे, हे आधीच सांगून टाकतो. गायकाला विचारलंत तर तो वेगळं सांगेल, आणि बहुधा जास्त वेळ घेईल.

तुमचं भांडण शब्दांवरून चाललंय, पण मला खरा बदल दिसतो तो तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलेला: कीबोर्ड आला आणि गाणी त्यावर बसायला लागली. या संगीतात शब्द बदलल्याचं आपल्या कानावर येतं, तोवर वाद्यांची मांडणी बरीच आधी हललेली असते. दर वेळी असंच होतं असं नाही, पण मी ऐकलेल्या आणि स्वतः वाजवलेल्या बहुतेक बँडांत असंच झालंय.

मूळ मांडणी काय आहे ते आधी बघू. साध्या रॉकमध्ये गिटार कॉर्ड (एकत्र छेडलेले तीन-चार सूर) वाजवते, बेस खाली पाया धरतो, वर गायक. इथे चाल बेसकडे असते. बेस हातात घ्या, डीची तार मोकळी वाजत ठेवा आणि शेजारच्या जीच्या तारेवर दहाव्या फ्रेटवरून (फ्रेट म्हणजे दांड्यावरची पट्टी) नवव्यावर, तिथून सातव्यावर उतरा. एफ, ई, डी. वर थोडं कोरस पेडल (सूर दुहेरी, ओलसर करणारं पायाखालचं यंत्र). अर्धं गाणं इथेच तयार होतं. खालची तार घुमत राहते, वरची तीन सुरांची उतरण हुंदक्यासारखी ऐकू येते आणि गिटारला कॉर्ड वाजवण्याचं कारणच उरत नाही. मग गिटार सुटे सूर टाकते, फ्लँजर आणि डिले या पेडलांमधून (एक सूर घुसळतं, दुसरं त्याचे प्रतिध्वनी काढतं), लांबून कुठून तरी आल्यासारखे. ड्रमर सिंबलला (धातूच्या थाळीला) फारसा हात लावत नाही, टॉमवर (खोल आवाजाच्या ड्रमवर) घुमवत राहतो, कारण सिंबलची चमक वरची सगळी जागा खाऊन टाकते. एवढं सगळं झालं की मिक्सच्या मधोमध एक मोठी रिकामी खोली उरते. गायक त्या खोलीत उभा राहतो.

आता तिथे उभं राहून माणूस गाणार काय? लांबलचक, गोष्ट सांगणाऱ्या ओळी बेसच्या चालीशी भांडतात. बसतात ते तुकडे: चार शब्द, थांबा, तीन शब्द, एखादं चित्र. नॉर्दॅम्प्टनच्या बाउहाउसने जानेवारी १९७९ मध्ये, बँड जमून काही आठवडेच झाले असताना, 'बेला लुगोसीज डेड' रेकॉर्ड केलं. नऊ मिनिटांहून मोठं गाणं. सुरुवातीला कितीतरी वेळ नुसता ड्रमच्या काठीचा खडखडाट आणि त्याचे प्रतिध्वनी, मग बेसची उतरण, आणि शब्द येतात तेव्हा अगदी मोजके, चित्रांचे तुकडे. बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या ड्रॅक्युला चित्रपटातला नट, १९५६ मध्ये वारलेला. गाण्यातलं मरण असं पडद्यावरून उसनं आणलेलं आहे, आणि त्यात थोडी थट्टाही आहे. विशीतल्या पोरांकडे स्वतःचं मरण कुठून असणार? या शैलीतले पहिले अल्बम बहुतेक असेच उसनवारीवर चालतात: भयपट, चर्च, जुन्या कविता. त्यात कमीपणा काही नाही. तुमचे कावळेही तिथलेच.

पुढचं सगळं ज्या एका बँडमध्ये स्पष्ट दिसतं तो म्हणजे द क्युअर, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. १९७९ चा 'थ्री इमॅजिनरी बॉइज' कोरडा, टोकदार, पंकच्या अंगाने जाणारा अल्बम आहे. त्यातला मायकेल डेम्प्सीचा बेस चपळ, उड्या मारणारा. डेम्प्सी गेला, सायमन गॅलप आला आणि १९८० च्या 'सेव्हन्टीन सेकंड्स'मध्ये एकदम धुकं पसरलं. गॅलप कमी सूर वाजवतो, तेच तेच वाजवतो आणि हलत नाही. लॉल टोलहर्स्टचे ड्रम मुद्दाम यंत्रासारखे. 'अ फॉरेस्ट' शेवटपर्यंत ऐका: बाकीचे एकेक करून गळतात आणि बेस एकटा उरतो. त्या गाण्यात माणूस झाडांमध्ये काहीतरी शोधतो आणि ते सापडत नाही, एवढीच गोष्ट आहे. त्या बेसवर याहून जास्त गोष्ट मावलीच नसती.

१९८१ च्या 'फेथ'पाशी माझा सिद्धांत जरा लंगडतो. त्या काळात टोलहर्स्टची आई आजारी होती, त्याच वर्षी ती गेली. श्रद्धा आहे की नाही हा प्रश्न अल्बमभर पसरलाय, आणि तो कुठल्या पेडलमधून आलेला नाही. तरी त्यातलं 'प्रायमरी' ऐका. त्यात नेहमीची गिटार नाहीच. बँडचा गायक आणि गिटारवाला रॉबर्ट स्मिथ आणि गॅलप, दोघेही बेस वाजवतात. दुःख आलं तेव्हा त्यांनी हाताशी असलेलं सगळ्यात जड वाद्य दुप्पट केलं. १९८२ च्या 'पोर्नोग्राफी'त ड्रम भिंतीसारखे उभे आहेत आणि शब्द त्यांवर आपटून फुटल्यासारखे. कोण कोणाशी बोलतंय ते कळत नाही, वाक्यं पुरी होत नाहीत. असला अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला याचं मला अजून नवल वाटतं.

त्याच दौऱ्यात स्मिथ आणि गॅलपची मारामारी झाली आणि गॅलप बँडमधून गेला. आता मांडणी बघा. बेसवाला नाही. टोलहर्स्टने ड्रम सोडून कीबोर्ड धरला. वर्ष संपायच्या आत 'लेट्स गो टू बेड' आलं, १९८३ मध्ये 'द वॉक' आणि 'द लव्हकॅट्स'. यातल्या शेवटच्या गाण्यात फिल थॉर्नली उभा डबल बेस वाजवतो. हा तोच माणूस, ज्याने आदल्या वर्षी 'पोर्नोग्राफी'च्या निर्मितीत स्मिथला साथ दिली होती. डबल बेसचा सूर छेडला की लगेच विझतो, घुमत राहत नाही, म्हणून चाल आपोआप ठुमकत जाते. त्या बेसवर थडग्याबद्दल गाऊन बघा, हसू येईल. स्मिथने तिथे मांजरांबद्दल लिहिलं आणि ते गाणं पहिल्या दहात गेलं. जुने चाहते तेव्हाही म्हणाले असतील, विकले गेले. मला तसं वाटत नाही. घुमणारी तार गेली, तिच्याबरोबर ते शब्दही गेले. गॅलप परतला आणि १९८५ च्या 'द हेड ऑन द डोअर'मध्ये दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बसले.

तुमच्या कामाचा अल्बम मात्र १९८९ चा 'डिसइंटिग्रेशन'. स्मिथ तिशीला टेकला होता आणि त्याला पुन्हा अंधारात जायचं होतं, पण तो १९८२ च्या मांडणीकडे गेला नाही. इथे कीबोर्डचे थर इतके आहेत की ती रिकामी खोली उरलेली नाही, खोलीत पाणी भरलंय. सुरुवाती लांबच लांब. आणि शब्दांमध्ये आता एक 'तू' आहे: जुने फोटो बघत बसलेला माणूस, समोर नसलेल्या कोणाशी तरी बोलणारा. 'लव्हसाँग' तर स्मिथने स्वतःच्या लग्नाची भेट म्हणून बायकोसाठी लिहिलं. शब्द असे की शाळेतल्या पोराने चिठ्ठीत लिहावेत. अमेरिकेत ते बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यातला बेस एकटा काढून वाजवा: मायनर म्हणजे उदास सुरांमधली, स्वतःभोवती फिरत राहणारी ओळ. गायक 'मी कायम तुझा' म्हणतोय आणि बेसला ते पटत नाहीये. तुमच्या गिटारवाल्याला हे गाणं ऐकवा आणि विचारा, हे गॉथ आहे की नाही.

मग २०२४ चा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'. सोळा वर्षांच्या खंडानंतरचा अल्बम, आठच गाणी. पहिल्या गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ गायक येतच नाही. शेवटचं गाणं दहा मिनिटांहून लांब आणि त्यात गायकाचा आवाज येतो तो सहा मिनिटं उलटल्यावर. स्मिथ तेव्हा पासष्टचा. एक गाणं त्याच्या भावाच्या मृत्यूवर आहे, आणि त्यातला शोक 'पोर्नोग्राफी'पेक्षा कितीतरी शांतपणे सांगितलाय. बाविसाव्या वर्षी मरणाबद्दल ओरडणारा माणूस पासष्टाव्या वर्षी सहा मिनिटं गप्प बसतो. वाद्यांचा आवाज मात्र तेव्हाच्यापेक्षा मोठा आहे, गॅलपचा बेस तर चिखलासारखा जाड.

लीड्सच्या द सिस्टर्स ऑफ मर्सीचा प्रवास याच्या उलट्या बाजूने गेला, शोकाकडून राजकारणाकडे. त्यांचा गायक अँड्र्यू एल्ड्रिच आधी स्वतः ड्रम वाजवायचा. मग त्याने ड्रम मशीन घेतलं, त्याला 'डॉक्टर ॲव्हलांच' असं नाव दिलं आणि आजवर त्या जागी माणूस बसवला नाही. अल्बम तीनच. १९८५ च्या पहिल्या अल्बमात वेन हसीची बारा तारांची गिटार झुळझुळते आणि एल्ड्रिच खालच्या आवाजात मोडलेल्या नात्यांबद्दल बोलतो. मग हसी आणि बेसवाला क्रेग ॲडम्स सोडून गेले, त्यांनी द मिशन काढला. एल्ड्रिचच्या हाताशी उरला कीबोर्ड, सीक्वेन्सर (सूर साठवून आपोआप वाजवणारं यंत्र) आणि मशीन. तालमीला समोर कोणी नसलं की गाणं वाजवता वाजवता सापडत नाही, ते थरावर थर चढवत बांधावं लागतं, आणि मग हात आवरत नाही. १९८७ च्या 'फ्लडलँड'मधल्या 'धिस कोरोजन'साठी निर्माता जिम स्टाइनमनने न्यूयॉर्कचे चाळीस गायक उभे केले. जवळपास अकरा मिनिटांचं गाणं. एवढ्या मोठ्या मंचावर एका माणसाचा प्रेमभंग कसा दिसणार? तिथे पूर, महासत्ता, सरहद्दी लागतात, आणि त्या अल्बमात तेच आहे. (गंमत अशी की ते चाळीस गायकांचं गाणं सोडून गेलेल्या साथीदाराला मारलेला टोमणा आहे. टोमण्याला एवढा थाट दुसऱ्या कोणी केलेला मला ठाऊक नाही.) १९९० मध्ये कडक रॉक गिटारी आल्या, तसे शब्दही उपहासाचे झाले. 'व्हिजन थिंग' हे नावच अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या, थोरल्या बुश यांच्या तोंडच्या शब्दांवरून घेतलेलं. त्यानंतर नवा अल्बम नाही, मंचावर मात्र नवी गाणी येत असतात. आणि एल्ड्रिचला गॉथ म्हटलेलं अजिबात खपत नाही.

ड्रम मशीनचा विषय निघालाच आहे तर स्वतःची फजिती सांगतो. आमच्या बँडमध्ये पहिली चार वर्षं मशीन होतं. मग एक खरोखर चांगला ड्रमर मिळाला आणि आम्ही हुरळून जुनी गाणी त्याच्यासोबत बसवली. दोन महिन्यांत सगळी गाणी पडली. वाजवत सगळे नीट होते, पण ऐकताना काहीतरी खोटं वाटायचं आणि कारण सापडेना. शेवटी तालमीचं रेकॉर्डिंग घेऊन बसलो तेव्हा कळलं. मशीन कधी वाट बघत नाही, म्हणून आमच्या गायकाने ओळी तोडून लिहायची सवय लावून घेतली होती: तीन शब्द, मग मोकळी जागा, कारण त्या जागेत मशीनचा कोरडा ठोका ऐकू यायचा आणि अंगावर यायचा. माणूस आला तो गायकाचा श्वास ऐकून वाजवायला लागला. ओळीच्या शेवटी किंचित रेंगाळायचा, मोकळ्या जागेत छोटीशी भरणी टाकायचा. अगदी सभ्य वाजवणं, पण ती भीतीदायक जागा त्याने प्रेमाने भरून टाकली. जुने शब्द त्याच्यासोबत नाटकी वाटायला लागले. आम्ही भांडलो शब्दांवरून, तुमच्यासारखेच, आणि तेही वर्षभर. नवीन गाणी लांब ओळींची झाली, त्यांत माणसं आली, घरं आली. ती वाईट नव्हती. जुनी गाणी मात्र आम्ही आजही मशीनवरच वाजवतो आणि ड्रमर तेवढा वेळ चहा पितो.

सूझी अँड द बॅन्शीजचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर लिहायला बसलो तर हे उत्तर संपणार नाही. त्यांचे गिटारवाले सारखे बदलले आणि प्रत्येकासोबत गायिका सूझीच्या शब्दांचा पोत बदलला. जॉन मॅगिओकच्या सुट्या, काचेसारख्या सुरांवर १९८१ च्या 'जूजू'मधली मंत्र-तंत्राची, भुरळीची गाणी उभी राहिली. १९८८ च्या 'पीपशो'पर्यंत चेलो, कीबोर्ड, ॲकॉर्डियन आलेलं होतं. 'पीक-अ-बू' तर त्यांच्याच एका जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उलटा फिरवून त्यावर बांधलंय. त्या लडखडत्या, जत्रेतल्यासारख्या तालावर भुतं आली नाहीत. गाणं बाईच्या शरीराचा बाजार मांडणाऱ्यांबद्दल झालं. त्यांच्या सगळ्या भुतांपेक्षा मला ते जास्त भयानक वाटतं.

आणि द कल्ट. १९८५ च्या 'लव्ह'मध्ये बिली डफीची पोकळ अंगाची ग्रेच गिटार डिलेमध्ये भिजलेली. पुढच्या अल्बमाचं रेकॉर्डिंग झालेलं असताना ते बाजूला टाकून ते न्यूयॉर्कला निर्माता रिक रुबिनकडे गेले. त्याने ओलावा सगळा पुसून टाकला. १९८७ चा 'इलेक्ट्रिक' गॉथ नाहीच, सरळ हार्ड रॉक आहे, आणि शब्दही तसेच, मोटारी आणि मस्तीचे. पेडल बंद केलं की काय काय जातं, हे कळायला हे दोन अल्बम पाठोपाठ ऐकणं पुरे.

आता तुमच्याबद्दल. गायिकेचं म्हणणं मला मान्य आहे. उसनं मरण संपलं आणि घरातलं आलं. हे या शैलीत दहा वर्षांनी व्हायचं ते तुमच्याकडे सहा वर्षांत झालं, एवढाच फरक. रिकामी खुर्ची कावळ्याइतकीच गॉथ आहे. पण गिटारवालाही चुकीचं ऐकत नाहीये. तो बोट शब्दांवर ठेवतोय, खटकतोय त्याला कीबोर्ड. कीबोर्डवाला दोन्ही हातांनी भरगच्च डी मायनर धरून बसतो, त्यात गंधारही (म्हणजे एफ) आला, आणि ती कॉर्ड पहिल्या मात्रेलाच सांगून टाकते की हे दुःख आहे. मग गायिकेनेही तेच सांगितलं की गाणं सहानुभूतीचं पत्र वाटायला लागतं. तिचे शब्द आता सरळ आहेत, म्हणून वाद्यांनी जास्त गप्प राहायला हवं. जुने शब्द सोंगाचे होते, त्यांना भरगच्च कॉर्ड चालून गेली असती.

पुढच्या तालमीत असं करून बघा. खुर्चीचं गाणं घ्या. कीबोर्डवाल्याचा डावा हात खिशात. उजव्या हाताने फक्त डी आणि ए, गंधार नाही. तो एफ बेसकडेच राहू द्या, वर सांगितलेल्या उतरणीतला, दहाव्या फ्रेटवरचा. गिटारने पहिल्या कडव्यात अजिबात वाजवायचं नाही. त्याला हे आवडणार नाही, पण दुसऱ्या कडव्यात त्याचा पहिला सूर येईल तेव्हा तो खूश होईल. फोनवर रेकॉर्ड करा, चांगल्या माइकची गरज नाही.

गायिकेला एकच गोष्ट सांगा. खरं लिहायला लागलं की ओळी लांबतात, सगळ्यांच्याच, आमच्याही लांबल्या. तिने ओळ कापू नये, पण ती कुठे सुरू होते ते बघावं. बेस एफवरून ई वर उतरतो तो क्षण मोकळा ठेवायचा. 'खुर्ची' हा शब्द त्या उतरणीवर पडत असेल तर ओळ एक मात्रा उशिरा उचला, म्हणजे बेस डीवर पोचल्यावर तो शब्द येईल, खाली मोकळी तार घुमत असताना.